ललिता सिस्टरांची शिडाची बोट

ललिता कुरणे यांनी बोट घेतली, ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा कुणाला खरी वाटली नाही. राजारामपुरीत माणसं बुलेट घेतात, फ्लॅट घेतात, फार तर गगनबावड्याच्या वाटेवर फार्महाऊससाठी जागा बघून येतात. बोट कुणी घेत नाही. घेऊन लावायची कुठं? पार्किंगवरून आमच्याकडं आधीच भांडणं आहेत.

माझं बिल्डिंगखालीच औषधाचं दुकान आहे. सिस्टर दुसऱ्या मजल्यावर वडिलांबरोबर राहायच्या. ड्यूटीवरून आल्या की वडिलांच्या गोळ्या घ्यायला माझ्याकडं थांबायच्या आणि पाच मिनिटं स्टुलावर बसायच्या. त्यामुळं मला ही बातमी इतरांच्या आधी कळली होती.

"सम्राटभाऊ, मी बोट घेतोय," त्या म्हणाल्या.

आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात. आयर्लंडात इतकी वर्षं काढूनही सिस्टरांचं ते सुटलं नव्हतं.

"मोटरबोट?" मी विचारलं.

"नाही. शिडाची. छोटी आहे. आत दोन माणसं झोपतील एवढी."

त्यांचा जन्म जयसिंगपूरचा. वडील ज्ञानू कुरणे मार्केट यार्डात पोती तोलायचे. मुलगी हुशार निघाली, मिरजेला नर्सिंग शिकली आणि पुढं आयर्लंडला गेली. तिथं समुद्रकाठच्या एका गावात तिचं हॉस्पिटल होतं. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरकडं शिडाची जुनी बोट होती. सुट्टीच्या दिवशी दोऱ्या ओढायला कुणीतरी हवं म्हणून ती हिला घेऊन जायची. ललिता सिस्टरांना तोवर पोहायलाही येत नव्हतं. चाळिशीत त्या पोहायला शिकल्या, मग शीड बांधायला, मग वाऱ्याच्या अंगानं बोट वळवायला. लग्न केलं नव्हतं. तिकडंच राहायचं ठरलं होतं.

पण दोन हजार एकोणीस साली ज्ञानूतात्या मोरीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आई आधीच गेलेली. तात्यांना तिकडं नेता येत नव्हतं आणि ते गेलेही नसते. सिस्टर परत आल्या, कोल्हापुरात फ्लॅट घेतला, इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात लागल्या. कधी कुरकुर केली नाही. फक्त रंकाळ्यावर फिरायला चला म्हटलं की नको म्हणायच्या. "ते पाणी कुठंच जात नाही," असं एकदा बोलून गेल्या.

बोट गोव्यात मिळाली. एक म्हातारं जोडपं सगळं विकून मुलाकडं निघालं होतं. माझ्याकडं गाडी होती, म्हणून बोट बघायला मीच घेऊन गेलो. सिस्टरांनी पहिल्यांदाच बोट विकत घेताना माणूस जे जे करतो ते सगळं केलं. लहान हातोडीनं सगळ्या अंगाला टकटक करून कान लावला. फळ्या उचलून आत नाक घातलं, ओल आहे का म्हणून. डोलकाठीची प्रत्येक तार बोटांनी चाचपली. एवढं करूनही, मला तेव्हाच दिसत होतं की बोट बघायच्या आधीच त्यांनी ती घेतली होती. मागच्या बाजूला निळ्या अक्षरांत 'मोना' असं लिहिलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"मोना कोण?" तात्यांनी विचारलं.

"बोटीचं नाव हाय बाबा."

"आपलं कोण न्हाय न्हवं?"

त्यानंतर बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं की तात्या सांगायचे, "ललिता मोनाकडं गेलीया."

देवगडजवळच्या एका खाडीत मोना ठेवायचं ठरलं. गोवा लांब पडत होतं, आणि फोंडा घाट उतरून ही खाडी सुट्टीच्या दिवशी गाठता यायची. तिथं गणपती तांडेल नावाचा मच्छीमार होता. शांत माणूस, सिस्टरांच्याच वयाचा. बोट राखायचं काम त्यानं घेतलं. पण मोना खाडीत आली त्या दिवशी तिच्याभोवती होडीनं एक फेरी मारून त्यानं एकच प्रश्न विचारला.

"ताई, ही वर कशी वढूची?"

कोकणातल्या होड्या तळाला सपाट. पाऊस जवळ आला की चार माणसं लागतात आणि वाळूवर ओढून घेतात. मोनाच्या पोटाखाली मधोमध माशाच्या परासारखा एक जड लोखंडी पंख होता. सिस्टर त्याला कील म्हणायच्या. त्या वजनामुळंच शिडात वारा भरला तरी बोट उलटत नाही. पण त्याच पंखामुळं ती वाळूवर ओढता येत नव्हती. ती उचलायला क्रेन लागणार होती आणि उभी ठेवायला खाली लोखंडी सांगाडा. हे सिस्टरांना माहीत नव्हतं असं नाही. आयर्लंडात बंदरात क्रेन असायची, सांगाडे ओळीनं उभे असायचे, त्यामुळं त्याचा वेगळा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. "ही बघ माझी पहिली चूक," त्या मला म्हणाल्या. मग उद्यमनगरात माझ्या ओळखीचे हंबीरराव होते, त्यांच्या वर्कशॉपमध्ये सांगाडा करायला टाकला. मेमध्ये, पावसाच्या आधी तो ट्रकनं खाडीवर न्यायचा, देवगडहून क्रेन बोलवायची, असं ठरलं.

त्या हिवाळ्यात आम्ही एकदा सगळे गेलो. तात्यांनी हट्टच धरला होता. गणपतीनं त्यांना लहान मुलासारखं उचलून बोटीत ठेवलं. खाडीच्या तोंडापर्यंत इंजिनवर गेलो. तिथं सिस्टरांनी शीड वर घेतलं आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. नुसतं पाण्याचं खळखळणं.

"बंद पडली व्हय गं?" तात्या घाबरून म्हणाले.

"न्हाय बाबा. वाऱ्यावर चाललीया."

तात्यांनी वर पांढऱ्या शिडाकडं पाहिलं, मग मागं पडत चाललेल्या काठाकडं. बोटीची कड घट्ट धरली. मग म्हणाले, "आन् थांबवायची कशी?"

सिस्टर हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. "थांबत न्हाय ही. वारा सोडून द्यायचा, मग हळू होती."

मला ओकारी झाली, ते सोडा. तात्यांना काही झालं नाही. परत येताना ते सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते आणि सिस्टरांचा हात त्यांच्या हातावर होता.

एकवीसच्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. सिस्टरांना कोविड वॉर्डात टाकलं. माझं दुकान सकाळपासून गर्दीनं भरलेलं असायचं, आणि लोक जे औषध मागायचे ते माझ्याकडं नसायचं. सिस्टर आल्या की दारातूनच बोलायच्या. तोंडावर मास्कचे वळ. स्टुलावर बसणं बंद झालं होतं. एकदा म्हणाल्या, "आज एका माणसानं माझा हात सोडला नाही. मी काहीच करत नव्हतो, सम्राटभाऊ. नुसता हात धरून उभा होतो." पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या. पास असल्याशिवाय घाट उतरता येईना. मोना खाडीत एकटी होती. गणपती आठवड्याला फोटो पाठवायचा.

मेच्या मध्याला दोन गोष्टी एकदम झाल्या. कोल्हापुरात कडक लॉकडाऊन लागला आणि समुद्रात तौक्ते वादळ उठलं.

बातमी आली तेव्हा सिस्टर माझ्या दुकानात आल्या आणि सांगाड्याचं विचारलं. मी हंबीररावांना फोन लावला. सांगाडा तयार होता, रंगसुद्धा देऊन झाला होता. पण वर्कशॉपला कुलूप होतं, कामगार गावाला गेलेले, ट्रक सोडायची परवानगी नव्हती. देवगडच्या क्रेनवाल्यानं फोनच उचलला नाही. सिस्टरांनी हॉस्पिटलात रजा मागितली. वॉर्डातल्या निम्म्या सिस्टर स्वतःच आजारी होत्या. मेट्रन त्यांना एवढंच म्हणाली, "ललिता, तूच सांग, तुझ्या जागी कुणाला उभं करू?" त्या रजेचा कागद परत घेऊन आल्या.

वादळाच्या आदल्या दिवशी दुपारी गणपतीचा फोन आला. वर रेंज नीट मिळायची नाही, म्हणून त्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून बोलत होत्या. स्पीकर चालू होता. पलीकडून वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता.

"ताई, आमच्यो सगळ्यो होडयो वर काढल्यांव. तुमचीच एकटी पाण्यात आसा."

"दोर कसा आहे, गणपतीभाऊ?"

"आता बरो आसा. पण पुढं घासताहा. तुमचो दुसरो नांगर बोटीतच आसा मा? मी जावन टाकून येतंय. अजून जाऊक येता."

सिस्टरांनी डोळे मिटले. त्यांना ठाऊक होतं की दुसरा नांगर पडला तर मोना वाचण्याची शक्यता दुप्पट होईल. लहान होडीतून तिथवर जायचं, हलत्या बोटीवर चढायचं, जड नांगर उचलून टाकायचा आणि परत यायचं. हे सगळं एका माणसानं.

"नको," त्या म्हणाल्या.

"अर्धो तास पुरे, ताई."

"नको म्हणतो मी. घरात बसा. मुलाबाळांत राहा."

"आणि बोट गेली तर?"

"गेली तर जाऊ दे."

मग गणपती "बरां" म्हणाला आणि फोन बंद झाला.

सिस्टर पायरीवरच बसल्या. रस्ता रिकामा होता, एक पोलीस गाडी तेवढी भोंगा वाजवत गेली. मी पाण्याची बाटली आणून दिली. ती हातात धरून त्या म्हणाल्या, "मी नको म्हटलं ना. पण आतून मला वाटत होतं, त्यानं माझं ऐकू नये. त्यानं जावं." मग बाटली तशीच ठेवून उठल्या आणि ड्यूटीला गेल्या.

त्यानंतर फोन लागेना. कोकणातले टॉवर पडले होते, वीज गेली होती. टीव्हीवर मोडलेली घरं, उन्मळलेली झाडं. सिस्टर वॉर्डात जायच्या, यायच्या, पायरीवर उभ्या राहून गणपतीचा नंबर लावायच्या आणि वर जायच्या. मोनाचं नाव काढत नव्हत्या. गणपती कसा असेल, एवढंच विचारायच्या, आणि ते मला कसं ठाऊक असणार?

तात्या गॅलरीतून ओरडून विचारायचे, "लागला काय गं फोन?"

"न्हाय बाबा."

एके सकाळी तात्यांच्या गोळ्या द्यायला मी वर गेलो होतो. सिस्टर नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या, ओल्या केसांनी खुर्चीवर बसल्या होत्या. तात्या त्यांना म्हणाले, "आमच्या शिरोळकडं किस्नेला पूर आला की आमी म्हशी सोडून द्यायचो. बांधून ठिवल्या की मरायच्या. सोडल्या की कुठंतरी लागायच्या काठाला. एकदा तर म्हस चार गावं खाली गावली. दूध देतच हुती." सिस्टर त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा, माझी म्हस बांधलेली हाय."

अखेर फोटो आला. आधी फोटो, मग फोन. गणपती सुखरूप होता, घरावरची कौलं उडाली होती. आणि मोना दोर तोडून गेली होती. वादळाच्या पाण्यानं तिला खाडीत आत नेऊन तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, दाट झाडीत घुसवलं होतं. ती तिथं सरळ उभी होती, डोलकाठीसकट, कील चिखलात रुतलेली. भोवती हिरवी पानं, पाणी कुठंच नाही. जणू कुणी तिला तिथं लावून ठेवलं होतं.

सिस्टर तो फोटो मोठा करकरून बघत राहिल्या. पहिल्यांदा तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी विचारलं ते गणपतीच्या कौलांचं.

जूनमध्ये वाटा खुल्या झाल्या तसे आम्ही उतरलो. तिवरांतून बोट काढायची तर झाडं तोडावी लागणार होती, आणि तिवराची फांदीसुद्धा तोडायला बंदी. वनखात्याचा माणूस भला होता. तो म्हणाला, "मॅडम, मला वाईट वाटतं, पण मी काही करू शकत नाही." सिस्टर म्हणाल्या, "तोडूच नका. या झाडांनी धरली नसती तर ती खडकावर गेली असती." आता एकच वाट होती. पौर्णिमेचं मोठं उधाण यायचं, पाणी झाडांत वर चढायचं, आणि जितका वेळ ते राहील तितक्यात तिला आलेल्या वाटेनं मागं ओढायचं.

जूनच्या पौर्णिमेला गणपतीनं माणसं जमवली. पाऊस कोसळत होता. गुडघाभर चिखलात उभं राहून सगळ्यांनी दोर धरला, मीही धरला. पाणी वर आलं, मोना हलली. आतून तिचं अंग कुरकुरलं. "वढा!" गणपती ओरडला. ती थोडी मागं आली, आणखी थोडी आली. सिस्टर तिच्या बाजूला छातीइतक्या पाण्यात उभ्या राहून दोन्ही हातांनी तिला ढकलत होत्या. एवढ्या जड बोटीला एका बाईच्या ढकलण्यानं काय होणार? तरी त्या ढकलत होत्या. मग दोर ज्या खुंटीला बांधला होता ती खुंटीच बोटीतून उपटून आली. आम्ही सगळे मागं चिखलात पडलो. दुसरीकडं दोर बांधेपर्यंत पाणी उतरायला लागलं होतं. मोना पुन्हा बसली, या वेळी जराशी कलंडून.

"पुढच्या पुनवेक," गणपती म्हणाला.

पुढची पौर्णिमा जुलैत आली, आणि तिच्या आदल्या दिवशी पंचगंगेचा पूर कोल्हापुरात शिरला. महामार्ग बंद, घाटात दरडी, शाहूपुरीत होड्या. आमच्या गल्लीला पाणी नव्हतं, पण बाहेर पडायला वाटही नव्हती. खाडीत वर्षातलं मोठं उधाण येणार होतं आणि सिस्टर राजारामपुरीत अडकल्या होत्या. तळमजल्यातल्या वॉर्डात पाणी येईल म्हणून त्यांचं हॉस्पिटल पेशंट वरच्या मजल्यावर हलवत होतं. त्या सगळा दिवस स्ट्रेचर ओढत होत्या. मला म्हणाल्या, "गणपतीला सांगितलंय, या पावसात माणसं जमवू नको म्हणून. तीन महिन्यांत मी त्याला फक्त नको एवढंच सांगितलंय."

दोन दिवसांनी गणपतीचा फोन आला. रेंजसाठी गॅलरीत ठेवलेला सिस्टरांचा मोबाईल तात्यांनीच उचलला; मी गोळ्या द्यायला वर गेलो होतो.

"जय भीम पावणं, बोला. काय? कोण सुटली?"

मोना सुटली होती. कुणी ओढली नव्हती. वरून डोंगराच्या पावसाचा लोंढा आला, खालून उधाण आलं, दोन्ही पाणी तिवरांत भिडलं आणि बोट आपोआप उचलली गेली. सकाळी गणपतीनं बघितलं तर ती पलीकडच्या वाळूवर आडवी पडली होती. त्यानं जाऊन तिला बांधलं. सुकाणू तुटलं होतं.

हे ऐकून सिस्टर हसल्या का रडल्या, मला नीट सांगता येणार नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी होतं. "आमी काय बी केलं न्हाय, बघ," तात्या त्यांना सांगत होते, "एवढी माणसं वढून मेली, तवा हलली न्हाय."

पावसाळा संपल्यावर क्रेन आली, सांगाडा आला, मोना गणपतीच्या घरामागं उभी राहिली. तेव्हा खरं दुखणं दिसलं. कील जिथं पोटाला जोडलेली होती तिथं चीर गेली होती, आणि आतला आधारही तडकला होता. गोव्याचा दुरुस्तीवाला बघून गेला आणि म्हणाला, "दुसरी घ्या." सिस्टरांनी ऐकलं नाही. दोन हिवाळे सुट्टीच्या दिवशी त्या जाऊन घासत होत्या, फायबरचं कापड आणि राळ थरावर थर लावत होत्या. अंगाला खाज सुटायची, हातांवर चट्टे यायचे. तात्या आता अंथरुणाला खिळले होते, तरी विचारायचे, "मोना बरी हाय न्हवं?"

तेवीसच्या जानेवारीत मोना पुन्हा पाण्यात उतरवली. मी होतो. काठावरून बघताना इतकी सुंदर दिसत होती की गणपतीच्या बायकोनं नारळ फोडला. सिस्टर आत जाऊन फळी उचलून बसल्या आणि तळाला हात लावून राहिल्या. आम्ही वाट बघत होतो. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. तळवा ओला होता. त्यांनी तो पुसला, पुन्हा लावला. पुन्हा ओला.

"थोडांच येताहा, ताई," गणपती म्हणाला. "चालात."

"आत्ता थोडं येतंय," सिस्टर म्हणाल्या. "क्रेनवाला गेला का? थांबवा त्याला."

त्या पावसाळ्यात ज्ञानूतात्या गेले. झोपेतच गेले, आदल्या रात्रीपर्यंत शुद्ध होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गणपती घाट चढून आला होता, त्यानं पहिल्यांदाच कोल्हापूर पाहिलं. लोकांना वाटलं आता सिस्टर आयर्लंडला परत जातील. तिकडूनही बोलावणं आलं होतं. त्या गेल्या नाहीत, आणि का ते कुणाला सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तिकडं आता माझ्या ओळखीचं कोण राहिलंय? आणि इथंही कोण आहे म्हणा." मग आपली पिशवी उचलून गेल्या.

जानेवारीपासून सांगाड्यावरच उभी असलेली मोना रत्नागिरीच्या एका जोडप्यानं नेली. त्यांच्याकडं जहाजदुरुस्तीची माणसं आहेत, ते तिची कील पूर्ण उतरवून नव्यानं बसवणार होते. ट्रक आला त्या दिवशी सिस्टरांची ड्यूटी होती. गणपतीनं व्हिडिओ पाठवला. दुपारच्या सुट्टीत त्यांनी तो माझ्या दुकानात बसून पाहिला. ट्रकवर सांगाड्यासकट बांधलेली मोना वळणावरून दिसेनाशी होते आणि मागं गणपतीच्या बायकोचा आवाज येतो, "सावकाश रे."

अजूनही गल्लीतलं कुणीतरी गमतीनं विचारतं, "काय सिस्टर, बोट कुठं लावली?"

"दिली," त्या म्हणतात.

"का हो? एवढी हौसेनं घेतलेली."

"आत पाणी येत होतं," त्या सांगतात, आणि जिना चढून वर जातात.